स्वरांचं रान

कोर्टात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर शिरस्तेदारालाही हजेरीपट उघडावा लागला असता. एकतीस वर्षं ती एकाच खोलीत, न्यायाधीशांच्या उंच मेजासमोर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून चार हातांवर बसत आली होती. समोर लांबट वही, शेजारी टोक केलेल्या सहा पेन्सिली. कोणी खरं बोलो, खोटं बोलो, रडो की ओरडो, तिची पेन्सिल एकाच चालीनं चालायची. बारीक रेघ, जाड रेघ, अर्धा गोल, टिंब. लघुलिपीत स्वर गाळतात. वेग हवा असेल तर अ, आ, इ, ई यांच्यासाठी थांबायला वेळ नसतो. नुसती व्यंजनं पकडायची आणि पुढं पळायचं. तिच्याइतकं वेगानं पळणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं.

फक्त हा वेग पाच वाजता थांबत नसे. घरी नवरा म्हणायचा, "अगं, आज दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं," आणि इकडे तिचा उजवा अंगठा तर्जनीच्या पेरावर रेघा ओढायला लागलेला. आज, दुकान, गिऱ्हाईक. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर चक्राच्या आवाजात राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. तो बोलायचा, ती मान हलवायची, अंगठा लिहायचा. बसमध्ये पुढच्या सीटवरची भांडणं, बाजारातले भाव, शेजारणीचं गाऱ्हाणं, सगळं त्या पेरावर उतरायचं. दुपारी डोळा लागला तरी अंगठा जागा असायचा.

"झोपेतसुद्धा कोणाची साक्ष घेतेस?" नवरा हसून विचारायचा.

यावरही अंगठा चालायचा.

मग एका मंगळवारी हातानं दगा दिला. खटला दोन भावांच्या सामाईक भिंतीचा होता. असले खटले ती डोळे मिटून लिहू शकली असती. धाकट्या भावाचा मेव्हणा सांगत होता की भिंत आधी तिथं नव्हती, नंतर आली. वकिलांनी विचारलं, "नंतर म्हणजे केव्हा?" मेव्हण्यानं उत्तर दिलं. वकील वळले आणि म्हणाले, "शेवटचं उत्तर जरा वाचून दाखवा."

तिनं वहीकडे पाहिलं. पान भरलेलं होतं, पण त्यात एकही शब्द नव्हता. सगळ्या रेघा एका बाजूला झुकलेल्या, लांबच लांब, वाऱ्यानं वाकलेल्या गवतासारख्या. ती त्या गवताकडे पाहत राहिली. खोलीत कोणीतरी खोकलं. पंखा फिरत होता. तिला वाटलं, हे पान किती सुंदर दिसतंय.

"बाई?" न्यायाधीश वाकून म्हणाले. "बरं नाही वाटत का?"

एकतीस वर्षांत कोणत्याही न्यायाधीशानं तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

सहा आठवड्यांची रजा मिळाली. हाताचे फोटो निघाले, मानेचे निघाले, डोक्याचेही निघाले. सगळं जागच्या जागी. घराजवळची डॉक्टरीण तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती, पण बोलायला फटकळ. तिनं कागद बाजूला सारले आणि स्टेनोबाईच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. तो आत्ताही चालू होता.

"हाताला काही झालेलं नाही. तो कंटाळलाय. रोज तासभर झाडांत जाऊन बसा. मोबाइल नको, पुस्तक नको, देवाचं नावही नको. नुसतं बसायचं आणि काय चाललंय ते पाहायचं, ऐकायचं."

"आणि औषध?"

"हेच."

"दिवसातून किती वेळा?"

"एकदा. जेवणाआधी किंवा जेवणानंतर," डॉक्टरीण गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "झाडांची काही तक्रार नसते."

झाडांशी स्टेनोबाईची ओळख म्हणजे कोर्टाच्या आवारातली, ज्यांच्याखाली स्कूटरी लावतात ती. पण नणंद झाडांतच राहायची म्हटलं तरी चाललं असतं. गावाबाहेर सरकारी रोपवाटिका होती आणि तिच्यामागे टेकडीपर्यंत पसरलेलं रान. नणंद तिथं बिया गोळा करायची. कोणत्या झाडाखाली केव्हा बी पडतं, कोणतं पाखरू ते आधी पळवतं, हे तिला पाठ होतं. बिया आणायच्या, सुकवायच्या, निवडायच्या, रुजवायच्या. पंचवीस वर्षं हेच. लग्न केलं नव्हतं. ठरलेलं एक मोडलं होतं, तेही तिनंच, ऐन वेळी, कारण न सांगता. त्यावरून भाऊ वर्षभर तिच्याशी बोलला नव्हता. पुढं बोलणं सुरू झालं, येणंजाणंही झालं, पण तो विषय घरात कोणी काढत नसे.

"तासभर बसायचंय?" नणंद फोनवर म्हणाली. "ये की वहिनी. इथं बसायला पुष्कळ जागा आहे. फक्त मुंग्यांना विचारून बस."

पहिल्या दिवशी ती मुंग्यांना न विचारताच बसली. तेव्हा उठून जे नाचली, ते पाहून नणंदेला हसता हसता ठसका लागला. मग तिनं एक पडका ओंडका दाखवला. तो तळ्याच्या काठी होता. तळं लहानसं, तीन बाजूंनी झाडी, एका बाजूला लव्हाळ्याचं बेट. सकाळचं धुकं पाण्यावर अजून तरंगत होतं आणि त्यातून पलीकडची झाडं पुसट दिसत होती, पाटीवर लिहून बोटानं अर्धवट पुसावीत तशी.

"आता काय करायचं?"

"काही नाही. आवाज आला की 'आला' म्हणायचं. गेला की 'गेला' म्हणायचं. मागं धावायचं नाही."

"एवढंच?"

"एवढं जमलं तर मला शिकव," नणंद म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून बिया वेचायला निघून गेली.

स्टेनोबाई ताठ बसली. लगेच एक पाखरू बोललं. आला, असं ती मनात म्हणेपर्यंत अंगठ्यानं ते लिहूनही टाकलं. ट, र, ट, र. सुतार पक्षी खोड ठोकायला लागला; तो तर सोपाच होता, नुसती व्यंजनं. बेडूक लिहिला, पान पडलं ते लिहिलं, दुरून जाणारा ट्रक लिहिला. तासाभरानं ती उठली तेव्हा तिचा अंगठा दुखत होता. कोर्टातल्या एखाद्या लांबलेल्या उलटतपासणीनंतर दुखावा तसा.

"जमलं?" नणंदेनं विचारलं.

"अख्ख्या रानाचा जबाब झाला. आता टाइप करून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी ती ओंडक्यावरच झोपली. तिसऱ्या दिवशी भाजीला काय करायचं याचा विचार तासभर केला. चौथ्या दिवशी रडू आलं, का आलं ते कळलं नाही, आणि पाचव्या दिवशी ती आलीच नाही. सहाव्या दिवशी नवऱ्यानंच डबा भरून हातात दिला आणि म्हणाला, "जा. तू घरी असलीस की मला वाटतं माझ्यावर खटला चाललाय."

तेव्हा ती गेली आणि मग जातच राहिली.

कधी बदल झाला हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. तारीख लक्षात ठेवणं हा तिचा धंदा, पण ही तारीख हातातून निसटली. एवढं आठवतं की वारा सुटला होता. टेकडीवरून खाली येणारा, आधी उंच झाडांत शिरणारा, मग बुटक्या झाडांत, मग लव्हाळ्यात, आणि शेवटी तिच्या कानांवरून पुढं जाणारा. सवयीनं अंगठा उचलला गेला. आणि पेरावर तसाच टेकून राहिला, कारण लिहायला काही सापडेना. वाऱ्यात क नव्हता, त नव्हता, र नव्हता. वारा म्हणजे नुसता स्वर होता. लांब, उघडा, कुठंच न अडणारा. आ म्हणावा तर त्याचा ऊ होत होता, ऊ म्हणावा तर तो विरून पुन्हा कुठल्या तरी पानांतून ई होऊन निघत होता. आयुष्यभर जे गाळलं ते सगळं या रानात येऊन साठलंय की काय, असं तिला वाटलं. आला, ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

पाण्यावर ढग उतरले होते. एक ढग लव्हाळ्यात अडकला, सुटला, पलीकडे गेला. तिचा श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, आणि तो वाऱ्याचा आहे की आपला, हे ठरवायची काही गरज नव्हती. तळ्याच्या मधोमध एक मासा वर आला. वलय उमटलं, मोठं होत होत तिच्या पायांपाशी आलं, आणि तिला वाटलं, आपण इथं बसलोय ही बातमी आता तळ्याला कळली.

नणंद हाका मारत आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. "अगं वहिनी! तीन तास झाले! मला वाटलं, पडलीस कुठं तळ्यात."

"तीन तास?" स्टेनोबाई म्हणाली. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा आला. तिनं उजवा हात वर करून पाहिला. अंगठा बाजूला स्वस्थ पडला होता, दमून झोपलेल्या लेकरासारखा.

नणंद शेजारी बसली. तिनं डबा उघडला, दोघींनी खाल्लं. पिशवीतल्या बिया ओंडक्यावर पसरून ती निवडायला लागली. भरीव इकडे, पोचट तिकडे. आणि निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तुला आठवतं, माझं लग्न मोडलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुला काहीतरी सांगितलं होतं?"

स्टेनोबाईला आठवत होतं. तिला सगळंच आठवायचं. तेव्हा ती घरात नवी होती. नणंद भांडी विसळत होती, ही पुसत होती, आणि नणंद म्हणाली होती, "वहिनी, मला त्या घरात श्वास घेता येत नाही." अगदी हेच शब्द, याच क्रमानं. आणि आपण काय उत्तर दिलं, तेही तिला शब्दशः आठवलं.

"मी म्हटलं होतं, खिडक्या उघड्या ठेवायला सांग."

"हो," नणंद म्हणाली आणि हसली. अजिबात राग नव्हता त्या हसण्यात. "मला वाटलं, आता ही विचारेल, म्हणजे काय गं? आणि तू म्हणालीस, खिडक्या."

 वाक्य तिच्याकडे पंचवीस वर्षं जसंच्या तसं पडून होतं. तिनं ते टिपलं होतं, जपलं होतं, पण ऐकलं मात्र नव्हतं.

"म्हणजे काय गं?" तिनं विचारलं.

नणंदेचे हात बियांवर थांबले. मग ती बोलली.

ती काय बोलली हे जसंच्या तसं सांगता येत नाही. त्या बोलण्यात एक माणूस होता, वाईट नव्हता, मारत नव्हता, ओरडत नव्हता. फक्त हिचं प्रत्येक वाक्य तो पुरं करायचा. हिनं सुरू करायचं, त्यानं संपवायचं. हिचं हसणं मोठं होतं म्हणून त्यानं प्रेमानं सांगितलं होतं की जरा हळू हसत जा, आणि ही न्हाणीघरात दार लावून हळू हसायचा सराव करायची. एक दिवस आरशात स्वतःला तसं हसताना पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. पण हे सांगणार कोणाला? कारण म्हणून हे कुठं दाखवता येतं? दादाला पुरावा हवा होता. म्हणून गप्प बसली. आणि मग रोपवाटिकेत जागा निघाली, आणि रानात कोणी तिचं वाक्य पुरं करायला येत नव्हतं.

असं बरंच होतं. मधेच वारा यायचा, नणंदेचा आवाज त्यात मिसळायचा आणि पुन्हा वर यायचा. स्टेनोबाई ऐकत होती. नणंदेच्या पापण्या, गळ्याशी हलणारी शीर, शब्दाच्या आधी येणारा छोटासा थांबा, हे सगळं ती ऐकत होती. आवाज आला, गेला. ती मागं धावली नाही. हात मांडीवर उघडा पडलेला होता, आणि कधीतरी नणंदेनं त्यात आपला हात ठेवला.

घरी जाताना बसमध्ये तिनं आठवून पाहिलं. एकही वाक्य जसंच्या तसं आठवेना. ती आधी घाबरली. मग खिडकीला डोकं टेकलं आणि तिच्या ध्यानात आलं की शब्द गेलेत, पण नणंद पूर्ण राहिली आहे. या आनंदात ती दोन थांबे पुढं गेली.

"काय म्हणते माझी बहीण?" नवऱ्यानं विचारलं.

"पुष्कळ काही. पण ते तिनं तुम्हाला सांगायचं, मी नाही."

नवऱ्यानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. काच घासून झाल्यावर उजेडात धरून पाहतो, तसं. 

रजा संपली. पहिल्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या चढताना ती उजव्या हाताकडेच पाहत होती. हात चालेल का? हात चालला. बारीक रेघ, जाड रेघ, अर्धा गोल. वेग थोडा कमी झाला होता, पण ते तिच्याशिवाय कोणाला कळण्यासारखं नव्हतं. दोन वाक्यांच्या मधे ती श्वास सोडत होती, एवढाच फरक. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या आवारात जाऊन स्कूटरींच्या गर्दीत उभ्या असलेल्या झाडाखाली दहा मिनिटं उभी राहायची. पट्टेवाला म्हणायचा, "बाई, गाडी शोधताय का?" ती म्हणायची, "सापडली."

तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारी साक्षीला आली. कोणाच्या तरी जिन्यावरून कोणीतरी पडलं होतं, आणि म्हातारी खालच्या मजल्यावर राहायची. वकील भराभर विचारत होते. "जिन्यात उजेड होता?" "हो." "पडणारा एकटाच होता?" "हो." "तुम्ही स्वतः पाहिलंत?" "हो." पूर्वीची स्टेनोबाई असती तर तिनं चाळीस वेळा हो लिहिलं असतं आणि पान उलटलं असतं. पण आता तिला त्या 'हो'मधला स्वर ऐकू आला. तो प्रत्येक वेळी तोच होता, किंचित वर चढणारा, जणू म्हातारीच काहीतरी विचारत होती. स्टेनोबाईनं मान वर केली. म्हातारी वकिलांच्या डोळ्यांकडे पाहत नव्हती, ओठांकडे पाहत होती.

पेन्सिल खाली ठेवून ती उभी राहिली. खोली चमकली. टेबल बोलायला लागलं असतं तरी लोक इतके चमकले नसते.

"साहेब, माफ करा. यांना ऐकू येत नाहीये."

वकील उसळले. स्टेनोनं मधे बोलायचं म्हणजे काय! न्यायाधीशांच्या कपाळावर आठी पडली. पण त्यांनी हातातल्या कागदानं तोंड झाकलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आजी, पडणारा माणूस हत्तीवर बसला होता का?"

"हो," म्हातारी म्हणाली.

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी आधीची सगळी उत्तरं रद्द करून प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यायला सांगितलं. म्हातारीनं चष्मा नाकावर ओढला, एकेक कागद वाचला, आणि मग जे सांगितलं ते अगदी वेगळं होतं. जिन्यात उजेड नव्हता. माणूस एकटा नव्हता. बाहेर जाताना ती स्टेनोबाईच्या मेजापाशी थांबली आणि म्हणाली, "लाज वाटते हो, पुन्हा पुन्हा काय म्हणालात विचारायची."

"मलाही बरीच वर्षं ऐकू येत नव्हतं," स्टेनोबाई म्हणाली. म्हातारीला ते ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं, कारण तिनं खांद्यावर हात ठेवला.

न्यायाधीशांनी त्या दिवशी तिला समज दिली, कारण देणं भाग होतं. मग फाइल बंद करता करता विचारलं, "रजेत कुठं गेला होता तुम्ही?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, "नुसतं बसायचं?" आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

ते कधी रानात आले नाहीत. नवरा मात्र आला. एका रविवारी सकाळी आपण होऊन पायांत बूट घालून तयार. ओंडक्यावर पाच मिनिटंसुद्धा त्याला गप्प बसता येईना. पाणी खोल आहे का, हा पक्षी कोणता, डास फार आहेत. शेवटी नणंदेनं त्याच्यापुढं बियांची पिशवी ओतली आणि म्हणाली, "दादा, पोचट असतील त्या काढ." त्यानं खिशातून भिंग काढलं. एकेक बी उचलायचा, उजेडात धरायचा, फिरवायचा. बारीक काम दिसलं की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. बहीण शेजारी बसून सांगत होती, हे कोणत्या झाडाचं, याला रुजायला किती दिवस लागतात, हे पाण्यात भिजवावं लागतं. तो फक्त म्हणत होता, "असं? आणि मग?"

स्टेनोबाई उठून तळ्याच्या पलीकडच्या काठावर गेली. तिथून शब्द कळत नव्हते. एक जाड आवाज आणि एक बारीक आवाज, एवढंच पाण्यावरून येत होतं. मधेच नणंद हसली, मोठ्यानं, झाडांवरची पाखरं उडावीत इतक्या मोठ्यानं. मग बराच वेळ जाड आवाज आलाच नाही. बारीक आवाज एकटाच, संथ, न अडता चालला होता.

एक चतुर येऊन लव्हाळ्याच्या टोकावर बसला. पातं वाकलं, सावरलं. धुकं हळूहळू वर गेलं, ऊन पाण्यावर पसरलं, आणि तिला कडकडून भूक लागली.